लहान मण्यांचा डॉलर

१

आमच्या गावातल्या नाणेवाल्यांत एक रीत आहे. मंडळींपैकी कुणी गेलं, की त्याचा जो जवळचा दोस्त असेल त्याने काही दिवस जाऊ द्यायचे आणि मग एका दुपारी त्याच्या घरी जायचं. टेबलाशी बसून डबे उघडायचे. मागे राहिलेल्या माणसाला एकेक नाणं दाखवून सांगायचं, हे साधं, हे जरा बरं, हे मात्र जपून ठेवा. चहा प्यायचा आणि उठायचं. जो सांगायला बसतो त्याने त्यातलं एकही नाणं स्वतः घ्यायचं नाही, पैसे मोजूनसुद्धा नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण नदीच्या ह्या काठावर ते कुणी मोडल्याचं ऐकिवात नाही.

ऑर्विल डूली गेला तेव्हा ते काम डेलबर्ट कूलासकडे आलं. दुसऱ्या कुणाकडे येणार? दोघांनी लाकडाच्या गिरणीत शेजारी शेजारी उभं राहून उमर काढली होती. ऑर्विलच्या उजव्या अंगठ्यावर करवतीने आडवी चीर पडली, तेव्हा त्याचा हात रुमालात बांधून त्याला डॉक्टरकडे नेणारा डेलबर्टच होता. नाण्यांचा नादही दोघांना बरोबरच लागला. चांदीचे डॉलर, दुसरं काही नाही. एका बाजूला राजा नाहीतर राणी, दुसऱ्या बाजूला होडी वल्हवणारे दोघे, मागे झाडांचं बेट. ज्याला नाद नाही त्याला सगळे डॉलर सारखेच. नाद असलेला माणूस मात्र होडीच्या उजव्या अंगाला पाण्याच्या रेघा किती उमटल्यात ते बघतो. टांकसाळीत नाणं पाडायचा ठसा जास्त घासला गेला की रेघा पुसट होतात. तीनऐवजी दीडच उरली, तर अशा डॉलरसाठी माणसं बर्फातून गाडी हाकत येतात.

ऑर्विलच्या बायकोने, मोनाने, जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड अंथरून ठेवलं होतं. बाहेर पानं गळून गेली होती आणि खोलीत भट्टीची ऊब होती.

"हे घे, तुझ्या आवडीचे बटर टार्ट केलेत," ती म्हणाली. "पण हात पुसल्याशिवाय डब्याला शिवू नकोस. नाहीतर तो उठून येईल वरून."

"येईल म्हणजे? गेलाय का तो?" डेलबर्ट म्हणाला, आणि दोघंही हसली. मग मोनाने ते हसू आवरलं आणि ती किटली बघायला स्वयंपाकघरात गेली.

डबे साधेच निघाले. ऑर्विलला हाव कधीच नव्हती. डेलबर्ट एकेक पुठ्ठ्याची चौकट उचलून बघत होता, मोठ्याने सांगत होता, आणि मोना आतून "बरं" म्हणत होती. असं करता करता १९६६ सालचा डॉलर हातात आला.

चौकटीवर फक्त साल लिहिलेलं होतं. डेलबर्टने सवयीने भिंग डोळ्याला लावलं. राणीच्या डोक्याभोवती, अगदी काठाला लागून, मण्यांची माळ असते. त्या सालच्या डॉलरवर ते मणी मोठे असतात. थोड्याच नाण्यांवर ते लहान निघाले, का निघाले ते टांकसाळीलाच ठाऊक.

हे मणी लहान होते.

त्याने भिंग खाली ठेवलं, पुन्हा लावलं. डेलबर्टच्या संग्रहात पहिल्या सालापासून शेवटच्या सालापर्यंत सगळे प्रकार होते आणि अल्बमात एकच भोक रिकामं होतं. ते ह्याच नाण्याचं. ऑर्विल त्याला कायम चिडवायचा, "डेल, तुझा तो पडका दात बसवलास की नाही अजून?" चिडवायचा, आणि हे त्याच्या डब्यात पडून होतं? एका शब्दाने बोलला नाही?

ह्या रागानेच घात केला असं डेलबर्ट पुढे स्वतःला सांगत राहिला. पण ते खरं नव्हतं. ताडून बघायला त्याने आपला त्याच सालचा, मोठ्या मण्यांचा डॉलर खिशातून आणलेलाच होता. तो चौकटीत गेला आणि ऑर्विलचा खिशात आला, तेव्हा मनात राग बिग काही नव्हता. मन अगदी रिकामं होतं. घाईत त्याचा अंगठा नाण्याच्या तोंडावर टेकला, एवढंच त्याला जाणवलं.

"काही विशेष सापडलं का रे?" मोना दारात उभी होती. कपबशी हातात, आणि चेहऱ्यावर काहीतरी वाट बघणारं.

"नाही गं. सगळे साधेच आहेत."

"नक्की? नीट बघितलंस?"

"बघितले की. चांगले आहेत, पण साधे."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "बरं. चहा निवतोय."

२

घरी येऊन डेलबर्टने पुढच्या खोलीचं दार लावलं, अल्बम उघडला आणि नाणं त्या भोकात बसवलं. वर पारदर्शक पट्टी सरकवली. वर्षानुवर्षं त्याने मनात हा प्रसंग किती वेळा घडवून बघितला होता! त्यात तो नेहमी बायकोला, रोझालीला, हाक मारायचा. आता हाक मारवेना. तो नुसता बसून राहिला. दात पडलेल्या जागी दुसऱ्याचा दात बसवल्यावर जीभ जशी तिथंच जात राहते, तसे त्याचे डोळे पुन्हा पुन्हा तिथंच जात होते.

काही दिवसांनी राणीच्या गालावर एक डाग दिसला.

डेलबर्ट घाबरला नाही. चांदीवर बोट टेकलं तर लगेच काही दिसत नाही. घाम आत मुरतो आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, ठसा वर येतो. आधी पिवळसर, मग तपकिरी. नाणेवाल्यांना हे पोरवयापासून माहीत असतं. कुणीतरी कधीतरी बोट ठेवलं होतं, ते आता वर येत होतं. वाईट झालं, पण नवल नव्हतं.

डाग दिवसागणिक गडद होत गेला. रेषा दिसू लागल्या. वळणं वळणं घेत आत जाणाऱ्या, आणि त्या सगळ्यांना मधोमध कापून जाणारी एक आडवी रेघ.

भिंग डोळ्याला लावून डेलबर्ट त्या रेघेकडे बघत राहिला. मग स्वतःशीच मोठ्याने म्हणाला, "त्याचंच नाणं. त्याचाच अंगठा. मग दुसरा कुणाचा असणार?"

बोलणं सरळ होतं. पण जेवताना घास हातात राहिला. ऑर्विल डूलीने उभ्या आयुष्यात नाण्याच्या तोंडाला बोट लावलं नव्हतं. सुती हातमोजे घालायचा, आणि वर पुन्हा दोन बोटांनी कड धरायचा. मंडळींत त्यावरून त्याची चेष्टा व्हायची, की हा बायकोचा हातसुद्धा कडेने धरतो.

"जेवतोयस की प्रार्थना करतोयस?" रोझाली म्हणाली. "बीन्स गार झाले."

३

मग शेजारच्या नाण्यांवर ठसे यायला लागले.

आधी १९६५ च्या पाचही प्रकारांवर, मग त्याआधीच्या सालांवर. तोच अंगठा, तीच आडवी रेघ. कुठं राणीच्या केसांवर, कुठं होडीवर, कुठं बेटावरच्या झाडांवर. ह्यातली कितीतरी नाणी डेलबर्टने ऑर्विलला नुसती पट्टीआडून दाखवली होती. पट्टी सरकवलेलीच नव्हती. त्याने आठवून आठवून बघितलं. कदाचित सरकवली असेल. म्हातारपणी माणूस विसरतो. पुठ्ठ्यातली काही रसायनं असतील, दमटपणा असेल, एका नाण्यावरून दुसऱ्यावर काही उतरत असेल. रेघ उतरेल? त्याने भिंग ठेवून दिलं.

विचित्र म्हणजे, ठसे जोरात दाबलेले वाटत नव्हते. आपण दुसऱ्याच्या लेकराच्या गालाला बोट लावतो ना, कौतुकाने, तसे ते होते. हलके. हे का कुणास ठाऊक डेलबर्टला जास्तच लागलं.

एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरात बूट काढत बसला होता, तेव्हा पुढच्या खोलीतून आवाज आला. अगदी लहान. मखमलीवर नाणं टेकवलं की होतो तो. ज्याने तो आवाज हजारदा ऐकलाय त्याची त्यात गफलत होत नाही. थोड्या वेळाने पुन्हा. एक उचललं, बघितलं, ठेवलं. दुसरं उचललं. घाई नव्हती. बघणाराला मजा येत होती.

"रोझाली, पुढच्या खोलीत काय करतेस?"

"मी?" रोझाली त्याच्या पाठीमागून, कोठीच्या दारातून म्हणाली. "त्या खोलीत मला येऊ देतोस तरी का तू?"

तो उठून गेला. दिवा बंद होता. खिडकीतून बर्फाचा निळसर उजेड येत होता. अल्बम मिटलेला होता, जसा ठेवला होता तसाच. त्याने उगाच हात टेकला म्हणून भिंग हाताला लागलं. पितळेचं होतं ते, थंडीत बर्फासारखं पडायचं. ते कोमट होतं. मुठीत बराच वेळ धरून आत्ताच खाली ठेवल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी रोझालीने चहाचा चमचा त्याच्या नाकासमोर धरला. "हा बघ. आईने दिलेले चांदीचे चमचे, सगळ्यांच्या पाठीवर हे डाग. घासून जात नाहीत. अंगठा आहे कुणाचा तरी. तुझा तर नाही, तुझ्या अंगठ्यावर कुठं चीर आहे?"

डेलबर्टने चमचा उलटा करून बघितला.

"घरात भूत बित असेल ना, तर त्याला म्हणावं, हात लावायचाय तर भांडी तरी घासून जा." ती हसली. मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हसणं थांबवलं. "डेल, तुला बरं नाही का?"

"बरा आहे मी."

"मोनाकडून आल्यापासून तू माझ्याकडे बघून बोललेला नाहीस."

ते खरं होतं. आत्तासुद्धा तो चमच्याकडेच बघत होता.

४

चर्चच्या तळघरात मंडळींची बैठक भरायची. कॉफीचा वास, लोखंडी खुर्च्या, आणि टेबलांवर दिवे. डेलबर्टने अल्बम न्यायचं टाळलं असतं, पण रोझालीने एकदा दारातून डोकावून अल्बम बघितला होता आणि फर्गसच्या बायकोला फोनवर सांगून टाकलं होतं, की ह्याचं ते भोक भरलं वाटतं, आता तरी हा माणसात येतो का बघू. गाव लहान. बैठकीला जाईपर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

फर्गस बर्न्स मंडळींचा अध्यक्ष. मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा माणूस. त्याने अल्बम दिव्याखाली ओढला.

"अरे देवा! लहान मणी! बसवलास म्हणायचा दात! आता म्हाताऱ्या, तू मरायला मोकळा."

"कुठून काढलास रे?" कुणीतरी विचारलं.

"टपालाने," डेलबर्ट म्हणाला. "पश्चिमेकडचा एक म्हातारा आहे. विकत होता."

"नाव काय त्याचं?"

"नाव... विसरलो बघ."

खोटं बोलताना आपला आवाज कसा लागतो हे त्याला नव्यानेच कळत होतं. अगदी नेहमीसारखाच लागतो. फर्गस वाकून भिंगातून बघत राहिला. त्याचा मोठा श्वास पट्टीवर आपटत होता. 

"बोट लावलंय ह्याला कुणीतरी," शेवटी तो म्हणाला.

"हो. त्या म्हाताऱ्यानेच लावलं असेल."

"हं. हातांनी काम केलेला माणूस दिसतो." फर्गसने मान वर केली आणि क्षणभर डेलबर्टकडे बघितलं. त्या बघण्यात संशय होता की नुसतं कौतुक, हे डेलबर्टला उलगडलं नाही. मग फर्गस सरळ उभा राहिला आणि हात वर करून म्हणाला, "मंडळी! ह्या माणसाने आख्खा जन्म वाट बघितली. टाळ्या होऊन जाऊ द्या! आज ऑर्विल असता तर टेबलावर चढून नाचला असता."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डेलबर्ट खाली बघत उभा राहिला. त्याचे कान तापले होते, ते आपल्या आनंदाने तापलेत असं सगळ्यांना वाटत होतं. टाळ्या कमी झाल्या, थांबल्या.

मागच्या भिंतीपाशी एकजण वाजवतच राहिला. सावकाश, जाड तळव्यांच्या माणसासारख्या. मनापासून वाजवलेल्या त्या टाळ्या होत्या. मग त्याही थांबल्या.

डेलबर्टने वळून बघितलं. तिथं न उघडलेल्या खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. दुसरं काही नव्हतं. फर्गस कॉफी ओतत होता, बाकीचे बोलायला लागले होते. कुणालाच काही वेगळं वाटलेलं दिसत नव्हतं.

रागावलेला कुणी असता तर डेलबर्टला समजलं असतं. चोराच्या घरी धुसफुसत येणारं काही असलं, तर निदान हिशेब तरी जुळतो. पण त्या टाळ्या आनंदाच्या होत्या, आणि त्या घेऊन कुठं जावं हे त्याला कळेना.

५

पुढे त्याने जे केलं ते कुठल्याही नाणेवाल्याला सांगायचं झालं तर जीभ अडखळेल.

नाणं पुसायचं नाही, धुवायचं नाही, उजळायचं नाही. हा आमच्यातला पहिला धडा. वर्षांनी चांदीवर जी साय धरते ती नाण्याची कातडी असते. ती सोलली की नाणं चकचकीत दिसतं, पण मेलेलं असतं, आणि पुन्हा कधी जिवंत होत नाही. नवख्या पोरांना आजोबांचं नाणं घासलं म्हणून रडताना डेलबर्टने बघितलं होतं. त्यांची समजूत त्यानेच काढली होती.

रोझाली बाजारात गेली होती. त्याने कोठीतून तिची चांदी उजळायची बाटली काढली, ऑर्विलचा डॉलर बशीत ठेवला आणि वर ते पाणी ओतलं. सडक्या अंड्यासारखा वास सुटला. ठसा विरघळायला लागला, रेषा सुटल्या, ती आडवी रेघ सगळ्यात शेवटी गेली. त्याने नाणं नळाखाली धरलं, फडक्यावर ठेवलं.

राणीचं तोंड कोरं झालं होतं. धुतलेल्या ताटलीसारखं पांढरं. भिंगातून बघितलं तर एरवी काठाकाठाने फिरणारी चमक कुठंच नव्हती. लहान मणी होते, पण ते मणी आता कुणाला हवे होते?

डेलबर्ट खुर्चीत बसला. त्याला वाटलं आपण एखाद्याच्या तोंडावर हात ठेवून त्याला गप्प केलंय.

नाणं वाळलं. आणि वाळता वाळता, फडक्यावरच, त्याच्या डोळ्यांसमोर, गालावर पुन्हा पिवळसर छाया आली. महिने लागतात त्याला. चहा निवायला लागतो तेवढा वेळसुद्धा लागला नाही. वळणं आली, रेघ आली. ह्या वेळी ठसा नुसता टेकवल्यासारखा नव्हता. बराच वेळ ठेवलेला होता. दुखणाऱ्या जागेवर आपण हात ठेवतो तसा.

"अरे, असं नको करूस रे," डेलबर्ट म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मग त्याने कोट चढवला, नाणं रुमालात गुंडाळलं आणि तो निघाला.

६

मोनाच्या दारापर्यंत जाईस्तोवर त्याने बोलायचं सगळं ठरवलं होतं. गफलत झाली म्हणायचं. चुकून माझ्या खिशात आलं म्हणायचं. दिवस मावळायला आला होता आणि छपरावरून बर्फाच्या कांड्या लोंबत होत्या.

"आलास!" मोना म्हणाली. "ये, स्वयंपाकघरातच बस. मी म्हणतच होते, डेल बऱ्याच दिवसांत फिरकला नाही."

तिने किटली ठेवली. मग खिडकीतल्या कुंड्यांमधून तिने काहीतरी उचललं आणि ओंजळीत घेऊन त्याच्यासमोर आली. तो डॉलर होता. मोठ्या मण्यांचा. डेलबर्टने चौकटीत घातलेला.

"रागावू नकोस हं, मी बाहेर काढला. तू म्हणालास सगळे साधे, म्हटलं एक जवळ ठेवू. आणि बघ, काही दिवसांनी ह्याच्यावर काय आलं." तिने तो उजेडाकडे धरला. राणीच्या गळ्यावर एक तपकिरी ठसा होता, पुरता उमटलेला. "ऑर्विलचा अंगठा. एवढा जपणारा माणूस, पण एकदा तरी चुकला बघ. माझ्यासाठीच चुकला असेल. रोज सकाळी मी त्याच्यावर माझा अंगठा ठेवते. येडी म्हणशील."

डेलबर्टने बघितलं. वळणं होती. आडवी रेघ नव्हती. कुठंच नव्हती.

ठरवून आणलेलं सगळं बोलणं त्याच्या तोंडातल्या तोंडात राहिलं. तिला ते नाणं गालाला लावताना त्याने बघितलं, आणि त्याच्या गालाला चटका बसल्यासारखं झालं.

"मोना," तो म्हणाला, "तो ऑर्विलचा नाही. माझा आहे."

"काय तुझा आहे?"

"अंगठा. नाणंही माझंच आहे. ऑर्विलचं मी नेलं. त्या दिवशी, तू किटलीपाशी असताना." त्याने रुमाल उलगडला. "हे त्याचं. हे साधं नाही. माझ्याकडे एवढं एकच नव्हतं, म्हणून नेलं. आणि मग मी ते धुतलं, मोना. नासवलं."

किटली शिट्टी द्यायला लागली. मोनाने ती उतरवली नाही. ती पांढऱ्या नाण्याकडे बघत होती, आणि तिच्या हातातलं दुसरं नाणं तिने हळूच ओट्यावर ठेवलं. नंतर तिने हात एप्रनला पुसला. ते पुसणं डेलबर्टला थपडेपेक्षा जास्त लागलं.

"दवाखान्यात तो मला म्हणाला होता," ती म्हणाली, "डब्यात एक आहे, ते डेलला द्यायचं. मी म्हटलं कुठलं? तर हसला. म्हणाला, तू काही सांगू नकोस, त्याला बघू दे. तो बघेल आणि बोंब मारेल, मोना, इकडे ये, हे बघ काय सापडलं! तेव्हा त्याला म्हण, घे, तुझंच आहे. त्याचं तोंड कसं होतं ते नीट बघून ठेव, मी नसेन ना बघायला." तिने किटली उतरवली. "मी दारात उभी राहिले होते, डेल. बघायला. तू म्हणालास, सगळे साधे. मला वाटलं औषधांनी त्याला भ्रम झाला असेल."

 माफ कर म्हणावं, तर तो शब्द ह्या खोलीत काढायचा आपल्याला हक्क आहे असं डेलबर्टला वाटेना.

जेवणाच्या खोलीत खुर्ची सरकली.

लाकडी जमिनीवर खुर्ची जराशी पुढे ओढून कुणी नीट बसावं, तसा आवाज. दार अर्धवट लोटलेलं होतं आणि फटीतून दिव्याचा पिवळा उजेड येत होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. डेलबर्टने मोनाकडे बघितलं. ती दचकली नव्हती. ती कपात चहा ओतत होती.

"मला काय सांगतोस?" ती थकल्या आवाजात म्हणाली. "आत जा. त्याला सांग."

"मोना..."

"ह्या वेळेला असतो तो. दिवा तेवढा लावून द्यावा लागतो. जा. तुझीच वाट बघतोय, माझ्याकडे कुठं बघतो तो?"

डेलबर्ट उठला. पळून जावं असं त्याला वाटलं नाही असं नाही. बाहेरचं दार जवळ होतं आणि कोट अंगावरच होता. पण मोना त्याच्याकडे पाठ करून उभी होती आणि त्या पाठीमागून पळून जाणं त्याला जमलं नाही.

त्याने लोटलेलं दार ढकललं. मान खाली घालूनच तो आत गेला. टेबलाचे पाय दिसले, हिरव्या कापडाची लोंबती कड दिसली, पलीकडच्या खुर्चीचे पाय दिसले. त्यापुढे त्याने बघितलं नाही. अलीकडची खुर्ची चाचपडत ओढून तो बसला. खोलीत भट्टीची ऊब होती, आणि लाकडाच्या भुशाचा वास होता, ओल्या देवदाराचा.

नाणं कुणाच्या हातात द्यायचं नसतं. कापडावर ठेवायचं, आपला हात मागे घ्यायचा, मग दुसऱ्याने उचलायचं. डेलबर्टने रुमालातलं नाणं कापडावर ठेवलं आणि हात मागे घेतला.

"मी घेतलं," तो म्हणाला. "आणि मी ते धुतलं."

 मग कापडावरून नाणं उचललं गेलं. त्याला दिसली ती एका बाहीची कड आणि नाण्याची कड धरलेली दोन बोटं, पांढऱ्या सुती मोज्यातली. दिव्याखाली नाणं कलतं झालं, एका अंगाला, मग दुसऱ्या अंगाला. गेलेली चमक शोधताना कलवतात तसं. समोरून एक उसासा आला, नासलेलं नाणं बघितलं की कुठल्याही जाणत्या माणसाच्या तोंडून आपोआप येतो तसा.

स्वयंपाकघरात मोना कप विसळत होती.

मग नाणं पुन्हा कापडावर टेकलं. अगदी लहान आवाज झाला. आणि ते कापडावरून हळूहळू डेलबर्टकडे सरकायला लागलं. घाई नव्हती. त्याच्या पोटाशी, टेबलाच्या कडेपर्यंत ते आलं आणि थांबलं. बोटं मागे गेली.

डेलबर्टने ते उचललं नाही आणि मानही वर केली नाही. समोर कोण आहे ह्याची भीती केव्हाच सरली होती. मान वर केली असती, तर समोरच्याला त्याचं तोंड दिसलं असतं.

आणि समोरचा अजून बसून होता, टेबलावर जरासा पुढे वाकून, त्याचं तोंड कसं होतं ते बघायला.